हलके आणि भारी: एका लॅपटॉपची नऊ वर्षे

मराठीत ‘हलका’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक वजनाचा, दुसरा प्रतीचा. हलकी जमीन म्हणजे कमी कसाची जमीन, हलका माल म्हणजे फार दिवस न टिकणारा माल, हलक्या कानाचा माणूस म्हणजे कोणीही काही सांगितले की विश्वास ठेवणारा. याउलट ‘भारी’ म्हटले की कौतुकच आले. शेजारच्या कन्नडमध्येही ‘हगुर’ म्हणजे वजनाने हलके, आणि एखाद्याविषयी ‘हगुर’ बोलणे म्हणजे त्याला कमी लेखून बोलणे. तांब्यापितळेची भांडी वजनावर विकत घेणाऱ्या समाजांच्या भाषांत असे होणे स्वाभाविक होते. पत्रा जितका जाड, तितके भांडे अधिक पिढ्या चालणार. वजन हीच टिकाऊपणाची खूण होती.

म्हणूनच २०१६ च्या दिवाळीत मी १.३ किलो वजनाचा लॅपटॉप घरी आणला, तेव्हा ‘एवढ्या पैशांत एवढेसेच?’ हा प्रश्न मला अपेक्षित होता. आज त्या यंत्राला नऊ वर्षे पूर्ण झाली आहेत. बोलींचे नमुने गोळा करणारे सीमेच्या दोन्ही बाजूंचे तरुण अभ्यासक मला वारंवार विचारतात, की असा पातळ लॅपटॉप घ्यावा काय, आणि तो किती वर्षे चालेल? त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो.

प्रथम, तो घेतला कशासाठी हे सांगितले पाहिजे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, तेथेच ते पुन्हा ऐकवून एकेका शब्दाचा अर्थ विचारायचा आणि लगेच नोंद करायची, असे माझे काम आहे. शेताची अवजारे, भाताच्या जाती, जात्यावरच्या ओव्यांतील जुनी क्रियापदे यांचा अर्थ त्या माणसासमोर बसूनच कळतो. त्यापूर्वीचा माझा लॅपटॉप अडीच किलोचा होता. तो दणकट होता, यात शंका नाही. पण बसमधून उतरून पुढे दोन-तीन किलोमीटर चालायचे म्हटले की तो बहुधा घरीच राही. हलके यंत्र माझ्याबरोबर गावांत पोहोचले, हा त्याचा पहिला गुण.

आता टिकण्याविषयी. आपल्या भाषेत प्रत्येक वस्तूच्या जुने होण्याला वेगळे क्रियापद आहे. कापड विरते, लोखंड गंजते, लाकूड किडते, रंग विटतो, दोर पिंजतो. लॅपटॉपसाठी मात्र आपण सरसकट ‘खराब झाला’ म्हणतो, आणि तेथेच निदान चुकते. त्याचे सर्व अवयव एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. प्रत्येकाचे क्रियापद निराळे आहे.

बॅटरी उतरते आणि कधी फुगते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या घडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ती जन्मापासूनच झिजत असते, वापरली तरी आणि नुसती ठेवली तरी. उष्णता आणि सदैव शंभर टक्के भरलेले राहणे या दोन गोष्टींनी तिचे आयुष्य विशेष घटते. माझ्या यंत्रात २०२१ च्या उन्हाळ्यात टचपॅड एका कडेने वर उचलला गेला आणि झाकण नीट मिटेना. अधिकृत सेवाकेंद्रात सल्ला मिळाला, की पाच वर्षे झाली, आता नवीन घ्या. बेळगावातील एका लहान दुकानातील कारागिराने मात्र खालचे स्क्रू काढून दाखवले आणि म्हटले, ‘सर, मशीन ठणठणीत आहे, बॅटरी फुगलीय तेवढी.’ बॅटरी बदलली आणि यंत्र पूर्ववत चालू लागले. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये, कचऱ्यातही टाकू नये; आतील वायूमुळे आणि रसायनांमुळे ती पेट घेऊ शकते. नवी घेताना ती कधी बनली ते पाहावे, कारण चार वर्षे दुकानात पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी खरोखर नवी नसते. तेव्हापासून मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे.

पंखा कोंदतो. पातळ शरीरात हवेला वाट अरुंद, पंखा लहान. त्यात धुळीचा नमद्यासारखा थर बसला की यंत्र तापते, आणि तापू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. ‘संगणक जुना झाला, मंद चालतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधील उष्णतावाहक लेपही काही वर्षांनी सुकतो. दोन वर्षांतून एकदा सफाई आणि गरज असल्यास नवा लेप, एवढ्यावर माझे काम भागले. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवणे म्हणजे त्याचे नाक दाबणे.

बिजागरी आवळते किंवा सैलावते. पातळ झाकणाचा हा सर्वांत नाजूक सांधा. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले की सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो आणि तिचे स्क्रू धरून ठेवणारे प्लॅस्टिक तडकते. झाकण मधोमध धरून उघडावे, ही सवय फुकट आहे आणि खर्च वाचवणारी आहे.

कळा पुसतात, आणि येथे भाषेचा ठसा उमटतो. इंग्रजीत ‘जे’ हे अक्षर क्वचित येते. त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याच्या कळफलकावर ती कळ वर्षानुवर्षे कोरी राहते. माझ्या यंत्रावर सर्वांत आधी जी अक्षरे पुसली गेली त्यांत ‘जे’ आणि ‘डी’ आहेत. भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये मान्य झालेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत ‘जे’च्या जागी ‘र’ आहे, ‘शिफ्ट’ दाबले की ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांना लागणारा ‘ऱ’. आणि ‘डी’च्या जागी जोडाक्षरांना लागणारे हलन्त चिन्ह. कोणी पुरातत्त्वज्ञ उद्या हे यंत्र उकरून काढील, तर मालक कोणती भाषा लिहीत होता हे त्याला कळांच्या झिजेवरून सांगता येईल.

आठवण मात्र एकाएकी जाते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असत. बसच्या धक्क्यांनी त्या बिघडत, पण बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरत. माझ्या यंत्रातील एसएसडीत हलणारा भागच नाही. धक्क्यांचे तिला भय नाही आणि माझ्यासारख्याच्या लेखनाने ती झिजून जाण्याचाही संभव थोडा. पण ती जाते तेव्हा बहुधा सूचना न देता जाते. मी मुद्रित केलेल्या वृद्धांपैकी काहीजण आज हयात नाहीत. त्यांचे उच्चार पुन्हा कोठून आणणार? म्हणून प्रत्येक गावाहून परतल्यावर त्याच रात्री दोन प्रती होतात, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी राहते. यंत्र कितीही टिकाऊ असले तरी हा नियम मोडायचा नाही.

शेवटचा अवयव दिसत नाही: प्रणाली. ती झिजत नाही, ती मागे पडते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझ्या यंत्रातील सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाही. यंत्र धडधाकट असूनही कागदोपत्री ते कालबाह्य ठरले. मी त्यावर लिनक्स मिंट घातले. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक तेथे आहे, आणि लिब्रेऑफिसमध्ये लेखनाचे सारे काम होते. छपाईसाठी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटवर अवलंबून असणाऱ्यांनी मात्र हा बदल करण्यापूर्वी आपल्या फाइली तपासून पाहाव्यात.

मग दोष हलकेपणाचा आहे काय? जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, आणि पातळपणा ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. त्या यंत्राची मेमरी मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसवलेली होती. पुढे अनेक कंपन्यांनी तीच वाट धरली. स्क्रूच्या जागी डिंक आला, खोबणीच्या जागी डाख आला. पण वजन कमी करण्याचा हा एकच मार्ग नव्हे. २०२१ मध्ये बाजारात आलेला फ्रेमवर्क लॅपटॉपही सुमारे १.३ किलोचाच आहे, आणि त्याची बॅटरी, मेमरी, कळफलक, पडदा ग्राहकाला घरी बदलता येतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला काढता-घालता येतील अशाच असाव्या लागतील.

तेव्हा हलका लॅपटॉप घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की वजनाच्या आधी स्क्रू पाहा. तळ साध्या स्क्रूंनी उघडतो का, बॅटरी चिकटवलेली आहे की बसवलेली, एसएसडी बदलता येते का, हे दुकानातच विचारा. मेमरी पट्टीला जोडलेली असेल, तर आजची नव्हे, सात वर्षांनंतरची गरज धरून घ्या. जे आधी झिजते ते बदलता येत असेल, तर हलके यंत्र हलक्या प्रतीचे ठरत नाही.

माझ्या यंत्राला आता दहावे वर्ष लागले आहे. बॅटरी दुसरी, पंख्याचा लेप तिसरा, प्रणाली नवी. सांगाडा, पडदा आणि कळफलक पहिलेच. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आणखी चार गावे व्हायची आहेत.