जिना उतरताना

वाचकहो, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट सुरुवातीलाच एक नियम सांगतात. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकायचा. उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी खाली ठेवायचा आणि हात कठड्यावरून काढायचा नाही. मला हा नियम दोन दिवसांत जमला. वेदनाशामक गोळ्यांच्या पायऱ्या उतरायला मात्र सात आठवडे लागले. आणि त्याआधी मी एकदा वरच्या पायरीवरून थेट उडी मारून पाहिली होती. तुमच्यापैकी कोणी, अथवा तुम्ही ज्यांची शुश्रूषा करता त्यांच्यापैकी कोणी, आज त्याच पायरीवर उभे असेल, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

मी जळगाव जामोदचा. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. आता वय ७१. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील कित्येक गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत आणि लोक त्याचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडतात. माझेही क्रिएटिनिन काही वर्षांपासून थोडे वाढलेले आहे. त्यामुळे गेल्या वर्षी फेब्रुवारीत अकोल्याला उजव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले तेव्हा डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या कटाक्षाने टाळल्या. त्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. त्याऐवजी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी दिली: दिवसातून तीन वेळा, १४ दिवस. त्यांचा निर्णय योग्यच होता. त्या गोळीमुळेच मी चौथ्या दिवशी वॉकर धरून उभा राहू शकलो.

१४ दिवस संपले. दुखणे संपले नाही. मग मी तीच जुनी चिठ्ठी घेऊन एका औषधाच्या दुकानात जाऊ लागलो. दुकानदार माझा विद्यार्थी. गुरुजींना नाही कसे म्हणावे, या संकोचाने तो पट्टी काढून देई आणि मी ती खिशात घालून येई. यात त्याच्यापेक्षा माझा दोष मोठा. ट्रामाडॉल हे अनुसूची एच-१ मधील औषध आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपून ठेवायची असते. पुढे एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रामाडॉल थेट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले. वेष्टनावरची लाल चौकटीतील सूचना मी दहा आठवडे पाहत होतो. जन्मभर मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाने ती एकदाही वाचली नाही.

एप्रिल उजाडेपर्यंत खरे तर गुडघा पुष्कळ निवला होता. तरी गोळी चालूच राहिली, कारण ती आता दुखण्यासाठी नव्हे, घड्याळ पाहून घेतली जात होती. पोट साफ होईना. दुपारी वर्तमानपत्र हातात धरून डुलकी लागे. एका रात्री न्हाणीघरात तोल गेला आणि नळ धरल्यामुळे वाचलो. हे वयाने होते, असे मी घरात सांगितले. सौ. गप्प राहिली, पण त्या दिवसापासून ती रिकाम्या पट्ट्या मोजू लागली होती, हे मला नंतर कळले.

तिनेच बहुधा पुण्याला मुलाला सांगितले असावे. त्याचा फोन आला. "बाबा, या गोळ्यांचं व्यसन लागतं. आजच्या आज बंद करा." व्यसन हा शब्द मला फार लागला. ज्याने आयुष्यात सुपारीचे खांड तोंडात टाकले नाही, त्याला पोटच्या मुलाने हे म्हणावे! रागाच्या भरात मी उरलेल्या गोळ्या कपाटात टाकल्या आणि त्याच क्षणापासून घेणे बंद केले.

तेव्हा अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली होती. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, थांबेनातच. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. भर उन्हाळ्यात अंगावर काटा आला, लगेच दरदरून घाम. सणाच्या दिवशी पानावर बसवेना. पोटात कळा येऊन जुलाब लागले. शेजारच्या आजी डोकावून म्हणाल्या, "गुरुजी, तुमाले ऊन लागलं जी." सौ.ने कैरीचे पन्हे केले. त्या रात्री पाय एका जागी ठेवणे अशक्य झाले. जणू पिंडऱ्यांतून मुंग्या चालत होत्या. शिवाय गुडघा पहिल्या आठवड्यासारखा ठणकू लागला. छातीत अकारण धडधड आणि मनात अशी भीती की काहीतरी वाईट घडणार. त्याच संध्याकाळी आमच्या तालुक्यातील भेंडवळला घटमांडणी झाली होती आणि पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत होणार होते. सारा परिसर त्या पहाटेची वाट पाहत होता. मीही पाहत होतो, पण केवळ उजेडासाठी.

पहाटे चार वाजता मी कपाट उघडले आणि एक गोळी घेतली. तासाभरात जांभया थांबल्या, पोट शांत झाले, पाय स्थिर झाले. बरे वाटले आणि त्याच क्षणी मी मनातून हादरलो. उन्हाचा त्रास असा एका गोळीने तासाभरात जात नाही.

दोन दिवसांनी खामगावला ज्या डॉक्टरीण बाईंकडे मी मूत्रपिंडासाठी जातो, त्यांच्यासमोर बसलो. खाली मान घालून सगळे सांगितले. त्यांनी आधी मलाच प्रश्न केला, "गुरुजी, ही गोळी मजा म्हणून घेतली का कधी?" मी नाही म्हणालो. "मग मान वर करा. शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं."

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. अफूच्या कुळातील औषधे मेंदूत आणि मज्जारज्जूत काही ठरावीक ठिकाणी जाऊन वेदनेचा निरोप मंदावतात. सातपुड्यापलीकडे माळव्यात, मंदसौर-नीमचच्या बाजूला, सरकारी परवान्याने जी अफू पिकते तिच्यातील मॉर्फिन हेच करते. ट्रामाडॉल हे कारखान्यात तयार केलेले औषध आहे, १९७७ पासून जर्मनीत विकले जाऊ लागले; पण त्याचे कामही मुख्यतः त्याच ठिकाणी चालते. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर त्या औषधाला धरून स्वतःचा तोल बसवते. औषध एकाएकी काढले की तो तोल उलट बाजूला कलंडतो: जिथे आतडी मंद होती तिथे जुलाब, जिथे गुंगी होती तिथे जागरण, जिथे वेदना दबली होती तिथे दुप्पट ठणका. ट्रामाडॉल याखेरीज मनःस्थितीशी संबंधित रसायनांवरही परिणाम करते, म्हणून अचानक थांबवल्यास धडधड आणि भीतीही वाटू शकते. व्यसनात मनाला ओढ लागते, हानी दिसत असूनही माणूस औषधामागे धावतो. सवय ही मात्र कोणाच्याही शरीराला, अगदी सज्जन माणसाच्याही, होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही एप्रिल २०१९ मध्ये डॉक्टरांना बजावले होते की ज्यांच्या शरीराला अशा औषधांची सवय झाली आहे त्यांची औषधे एकदम बंद करू नयेत.

मग त्यांनी कागदावर पायऱ्या आखल्या. गोळी साधी होती, हळूहळू विरघळणारी नव्हती, म्हणून ती अर्धी करता येत होती. दिवसाला तीन गोळ्यांवरून दर आठवड्याला अर्धी गोळी कमी. पहिल्या आठवड्यात दुपारची अर्धी झाली, दुसऱ्यात दुपारची बंद. तिसऱ्यात सकाळची अर्धी. पाचव्यात रात्रीचीही अर्धी. सहाव्यात फक्त रात्रीची अर्धी. रात्रीची शेवटपर्यंत ठेवली, झोप मोडू नये म्हणून. गोळी कमी होईल तसे साधे पॅरासिटामॉल त्यांनी वेगळे लिहून दिले आणि दोन्हींतले मिळून ते दिवसाला तीन ग्रॅमच्या आत राहील हे सौ.ला हिशेब करून दाखवले. "त्रास फार झाला तर त्याच पायरीवर थांबा," त्या म्हणाल्या, "पण मला न विचारता वर चढू नका."

घरी आल्यावर गोळ्यांचा डबा सौ.कडे गेला. ती रोज सकाळी त्या दिवसाच्या गोळ्या वाटीत काढून देई आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करी. मी शेजारी दोन आकडे लिहीत असे: दुखणे दहापैकी किती आणि झोप किती तास. व्यायामाआधी बर्फाचा शेक, सकाळी उन्हे चढण्यापूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, पायाखाली उशी. आठवड्याच्या पहिल्या दोन दिवशी जांभया आणि चिडचिड होई. चौथ्या दिवसापर्यंत ती ओसरे.

आता एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. डबा सौ.कडे देताना मी एक पट्टी मागे ठेवली होती. ती शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात दडवली होती. तिसऱ्या आठवड्यातील एका रात्री, दुखणे दहापैकी चार असताना, मी तो शब्दकोश काढला. कोश उघडा ठेवून किती वेळ बसलो ते आठवत नाही. मग सौ.ला उठवले आणि पट्टी तिच्या हातात दिली. ती रागावली नाही. दिवा लावून तिने गोळ्या मोजल्या, दहाच्या दहा होत्या, आणि म्हणाली, "अहो, मला आधीच सांगितलं असतं तर मीही जागी बसले असते तुमच्याजवळ." मग खरोखरच ती पहाटेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्यांनी चौथा आठवडा त्याच पायरीवर थांबवला. शेवटची अर्धी गोळीही एकाऐवजी दोन आठवडे चालली. जूनमध्ये मृगाच्या सरी आल्या तेव्हा दिनदर्शिकेवर शेवटची खूण झाली. मुलगा आला होता. तो म्हणाला, "बाबा, मी फोनवर तसं बोलायला नको होतं." मी म्हटले, तुझी काळजी खरी होती, रस्ता मात्र डॉक्टरांनी दाखवायचा असतो.

वाचकहो, माझ्या पायऱ्या माझ्यासाठी आखलेल्या होत्या. त्या जशाच्या तशा उचलू नका. कोणाला दोन आठवड्यांत उतरता येते, कोणाला काही महिने लागतात. आणि केवळ चार-पाच दिवस गोळी घेतलेल्यास बहुधा पायऱ्यांची गरजच पडत नाही. परंतु पुढील गोष्टी आपल्या घरी अवश्य पाळाव्यात.

शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना डॉक्टरांना विचारा: ही गोळी अफूच्या कुळातील आहे का, किती दिवस घ्यायची आणि थांबवायची कशी? जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका. लांबवर परिणाम करणारी गोळी कधीही तोडू अथवा चावू नका. झोपेची गोळी, अल्प्राझोलाम अथवा मद्य यांच्यासोबत ही औषधे घेतल्यास श्वास मंदावू शकतो. नैराश्यावरील गोळ्या चालू असतील, पूर्वी फिट आली असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते आवर्जून सांगा. कमी करण्याच्या काळात जुलाब फार झाले, भास झाले, झटका आला किंवा जीव नकोसा वाटला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दवाखाना गाठा. औषध सुटल्यावर जुना डोस पुन्हा घेणे धोक्याचे असते, कारण शरीर आता त्याला सरावलेले नसते. म्हणून उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. आम्ही त्या पट्टीतून काढून ओल्या चहापत्तीत कालवल्या आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. मनाचा भार असह्य झाला तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. व्यसनाबाबत मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आणि हे वाचून घाबरून कोणी आवश्यक वेदनाशामक नाकारू नये, विशेषतः कर्करोगाच्या रुग्णाने. वेदना सोसण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या माणसाला व्यसनी म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा, गोळ्या मोजा आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा.

परवा मी गच्चीवर गेलो होतो. उतरताना सवयीने उजवा पाय आधी खाली ठेवला. कठडा होताच, तरी सौ. दोन पायऱ्या खाली उभी होती.