रजिस्टरमधले आडनाव

आमच्या घरी प्रवासाला निघायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, मुक्काम कुणाकडे? नागपूरला मावसबहीण, नाशिकला दीर, सोलापूरला भाचा. जिथे आपले माणूस नाही तिथे आम्ही जातच नाही, आणि जावेच लागले तर रात्रीच्या गाडीने परत येतो. मुले लहान होती तेव्हा विचारायची, "आई, आपण हॉटेलात का नाही राहत?" मी सांगायची, "हॉटेलात पैसे घालवण्यापेक्षा मावशीला एक साडी घेऊ." मुलांना ते पटायचे. खरे कारण मात्र मी त्यांना कधीच सांगितले नाही. ते आज लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मिस्टरांनी एकदम जाहीर केले, "आपण गाडी घेऊन औरंगाबादला जायचं. दोघंच. आणि राहायचं हॉटेलात." त्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण यांच्या तरुणपणाची चार वर्षे तिथे नागसेनवनात, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयात गेली. त्यामुळे यांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे.

मी म्हटले, "तिथे तुमचे मित्र आहेत की! त्यांच्याकडे उतरू."

"मित्रांना भेटू. झोपायला हॉटेलात."

पुण्याच्या मुलाने मोबाईलवरूनच खोली ठरवून टाकली. मी दोन दिवस गप्प गप्पच होते.

आम्ही कल्याणला राहतो. मुलगा म्हणाला, समृद्धी महामार्गाने जा. तो २०२५ च्या जूनमध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला आहे, म्हणजे आम्हाला अगदी जवळ. पण हे म्हणाले, "मला नाशिक, येवला असंच जायचंय." कारण विचारले तर हसले आणि टायरमधली हवा बघायला खाली गेले.

पहाटे सहाला निघालो. डब्यात बाजरीच्या भाकरी, भरली वांगी, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा. आमची वॅगनआर जुनी, यांचे वय एकोणसत्तर. कसाऱ्याच्या घाटात धुके होते आणि पुढे ट्रकची रांग. हे गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते! इगतपुरीला चहा झाला. नाशिकच्या गर्दीतून जाताना मला वाटले, दिराकडे निदान पाच मिनिटे तरी थांबतील. पण यांनी गाडी थांबवली नाही. म्हणाले, "त्याच्याकडे थांबलो तर तो रात्रीचं सोडायचा नाही, आणि तुला तेच हवंय."

माझी चोरी पकडली गेली होती. मी खिडकीबाहेर बघू लागले. चांदोरी गेले, निफाड गेले. रस्त्याच्या कडेला द्राक्षाच्या बागा, विंचूरच्या अलीकडे कांद्याने भरलेले ट्रॅक्टर. एका बाभळीखाली गाडी लावून आम्ही जेवलो. जेवताना दोघेही फारसे बोललो नाही.

येवल्याला यांनी गाडी मुक्तिभूमीकडे वळवली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी बाबासाहेबांनी जाहीर केले होते की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. वंदन करून आम्ही बाहेर सावलीत बसलो. दुपारची वेळ, माणसे थोडी. बराच वेळाने हे म्हणाले, "अगं, तुला ती लॉजवरची रात्र आठवते का?"

चाळीस वर्षांत यांनी तो विषय पहिल्यांदाच काढला.

न आठवायला काय झाले? १९८४ चा जून महिना. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. शिक्षिकेच्या जागेसाठी मला एका जिल्ह्याच्या गावी मुलाखतीला बोलावले होते. वाटेत एसटी बंद पडली, पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. पाऊस सुरू झालेला. स्टँडसमोरच्या लॉजवर गेलो. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडले, पेन उचलले आणि विचारले, "आडनाव?" यांनी सांगितले. आमच्या आडनावावरून कुणालाही कळते. त्याचे पेन तिथेच थांबले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, रजिस्टर मिटले आणि म्हणाला, "खोली शिल्लक नाही." त्याच्या पाठीमागे फळीवर किल्ल्या ओळीने टांगलेल्या होत्या. मी त्या मोजल्या. सात होत्या.

दुसऱ्या लॉजवर पुन्हा तोच प्रश्न आला. माझ्या पदराचे पाणी फरशीवर ठिबकत होते. यांनी माझ्याकडे न पाहता दुसरेच एक आडनाव सांगितले. त्या माणसाने ते लिहून घेतले आणि किल्ली दिली.

त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. जिन्यात पाऊल वाजले की वाटायचे, आता दार ठोठावणार. घशाला कोरड पडली होती, पण पाणी मागायला खाली जायची हिंमत होईना. सकाळी पोऱ्या चहा घेऊन आला आणि त्या खोट्या आडनावाला 'बाई' जोडून त्याने मला हाक मारली. मी चहा घेतला नाही. मुलाखतीला गेले, तिथल्या अर्जावर माझे खरे आडनाव होते. नोकरी मिळाली. पुढे चौतीस वर्षे मी शाळेत शिकवले. पण त्या रात्रीबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही. पुढे मुलांना सांगितले ते असे, की "मुलाखतीच्या आदल्या रात्री आम्ही एका ओळखीच्यांकडे उतरलो होतो."

"मला त्या लॉजवाल्याचा राग आता येत नाही," हे म्हणाले. "माझ्या तोंडातून ते आडनाव निघालं कसं, हे सलतं. शिकलेला माणूस मी. मिलिंदचा विद्यार्थी!"

मी म्हटले, "अहो, बाहेर पाऊस होता. मी कुडकुडत होते. माझ्यासाठीच केलंत."

"बाबासाहेबांनाही करावं लागलं होतं, मला माहीत आहे. बडोद्याला."

ती हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना तिथून बाहेर पडावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी ते स्वतःच लिहिले आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकारूपाने छापल्या, तेव्हा यांनी ती आणली होती. आणल्या दिवशी रात्री वाचली आणि कपाटात वर ठेवून दिली. मला तेव्हा नवल वाटले होते, कारण एरवी बाबासाहेबांचे काहीही हाती आले की हे मला मोठ्याने वाचून दाखवायचे.

"फरक एवढाच," हे म्हणाले, "त्यांनी ते जगासमोर लिहून ठेवलं आणि मी पोटच्या पोरांपासून लपवलं."

"तुम्ही एकट्यानं नाही. दोघांनी लपवलं," मी म्हटले.

मग आम्ही उठलो. गाडीत बसल्यावर मला दिवसभरात पहिल्यांदा मोकळे वाटले.

पण प्रवासाचे नष्टचर्य संपले नव्हते. वैजापूर ओलांडल्यावर मागचे चाक बसले. जॅक लावता लावता दोघेही धुळीने माखलो. पंक्चरवाल्याकडे तासभर गेला. दौलताबादला पोहोचलो तेव्हा सूर्य किल्ल्यामागे गेला होता. किल्ला पाहायची वेळ टळली होती, पण हे दारापर्यंत चालत गेले. मी मागोमाग गेले. आता मला या रस्त्याचे कारण कळले होते. त्याच आठवणींत दौलताबाद आहे. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह नाशिकहून येवल्यावरून, म्हणजे आज आम्ही आलो त्याच वाटेने, वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. दिवसभराची धूळ अंगावर होती, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर काही जणांनी तोंड-पाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला असा गिल्ला झाला. शेवटी आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर सोबत शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला.

दारासमोर एक बाई पेरू आणि चहा विकत होती. आमचे हात काळे झालेले पाहून तिने तांब्या भरला आणि आपणहून यांच्या हातावर पाणी ओतले. "लई लांबून आला काय, बाबा?" तिने विचारले. यांनी नुसती मान हलवली. यांना बोलता येईना.

शहरात शिरलो तेव्हा साडेसात वाजले होते. हॉटेल साधेच, तीन मजल्यांचे. गुडघे आखडल्यामुळे मला पायऱ्या चढवेनात. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याने संगणकावर मुलाचे नाव पाहिले, आमची आधार कार्डे घेतली आणि एक लांबलचक रजिस्टर पुढे सरकवले. "काका, इथं पूर्ण नाव लिहा."

वाचकहो, माझी छाती धडधडत होती. मी चौसष्ट वर्षांची, पेन्शनर बाई, आणि त्या क्षणी मी पुन्हा ओल्या साडीतली तेवीस वर्षांची मुलगी झाले. नकळत मी भिंतीवरच्या किल्ल्या पाहिल्या. यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांना लावला. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असे एकेक अक्षर सुटे सुटे लिहिले. त्याखाली माझे लिहिले. मुलाने रजिस्टर आपल्याकडे फिरवले, वाचले आणि म्हणाला, "जेवण दहापर्यंत मिळेल. गाडी मागच्या बाजूला लावा. दुसरा मजला." किल्ली यांच्या हातात आली.

बस्स, एवढेच झाले.

खोलीत गेल्यावर पाहिले तर गिझर चालत नव्हता. हे म्हणाले, "राहू दे, सकाळी बघू." पण मी फोन उचलला आणि खाली सांगितले, "दोनशे दोनमधून बोलतेय. गरम पाणी येत नाही. पाठवून द्या." माझे आडनावही सांगितले, कुणी विचारले नसताना. दहा मिनिटांत वाफाळती बादली आली. धूळ धुऊन निघाली तेव्हा मला रडू आले.

रात्री मुलाला फोन करून १९८४ सालची सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, पुण्यात भाड्यानं घर बघताना दोन ठिकाणी माझं पूर्ण नाव विचारलं आणि नंतर फोनच केला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही." म्हणजे आम्ही त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आमच्यापासून! लपवण्याचा वारसा मात्र आम्ही त्याला न सांगताच दिला होता.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे घेऊन लिहिले आहे की जातीच्या कारणावरून कुणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही १९५५ पासून आहे. म्हणजे १९८४ साली दोन्ही होते. त्या लॉजवाल्याला ते सांगायला आमच्या तोंडात शब्द हवे होते. मी ते कलम वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, पण ते माझ्या घरच्या एका रात्रीबद्दल आहे, हे विद्यार्थ्यांना सोडाच, स्वतःच्या मुलांनाही सांगितले नाही.

भगिनींनो, तुमच्याही घरात अशी एखादी रात्र कुठल्या कपाटात वर ठेवलेली असेल. ती खाली काढा आणि मुलांना सांगा. आपण काही चोरी केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेरूळची लेणी पाहिली आणि संध्याकाळी नागसेनवनात फिरून आलो. आणखी एक रात्र त्याच खोलीत राहिलो. ती रात्र मी गाढ झोपले. हे सांगतात, घोरत होते म्हणून!