खिमा

लंडनच्या बिऱ्हाडी आम्ही प्रथमच गोमांसाचा खिमा आणला. ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण, मग खिमा मोठ्या आचेवर पाणी आटून तांबूस होईतो परतला. त्यावर भोपळी मिरची, टोमॅटो, ओरेगॅनो, शेवटी लिंबू. हात सराईत होते, मन बिचकत होते.

तुर्की 'कियमा', ग्रीक 'किमास' आणि आपला 'खिमा' एकाच कुळातले, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. मात्र आपल्याच गावांत ज्या चुलींवर 'मोठ्याचं' शिजे, त्यांच्याविषयी कधी बोललो नव्हतो. मराठवाड्यातील दलितांच्या अन्नावरचे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचले, तेही उशिराच.

पहिला घास ओळखीचा लागला. इतकी वर्षे काही न विचारल्याची लाज वाटली.