चिकाची जात

चिकट डागावर पाणी ओतायच्या आधी हात आवरायचा, हे मी फणसाकडून शिकले. आजोळी फणस फोडायचा म्हणजे हातांना आणि कोयत्याला खोबरेल तेल चोपडल्याशिवाय आजी पुढे सरकू देत नसे. तरी कुणाच्या ना कुणाच्या परकराला चीक लागायचाच. पोर विहिरीकडे पळाली की आजी ओरडायची, "पाणी नको गो घालू, अधिकच बसेल!" मग डागावर तेलाचं बोट ठेवून अंगठ्याने ती गोल गोल मळत राही. चीक सैल पडून त्याच्या बारीक वळ्या सुटायच्या. उरलेला तेलकट डाग साबणाने निघे. या चिकात रबर आणि राळ असते, त्याला पाण्याशी काही देणंघेणं नसतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीच्या अंगठ्याला ते आधीच ठाऊक होतं.

वह्यांच्या कव्हरांना आम्ही मैद्याची खळ लावायचो. झुरळं लागू नयेत म्हणून आई तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकी. फ्रॉकवर सांडलेली खळ भिजत घातली की आपोआप सुटे. बिचारी फार गुणाची.

गणपतीच्या मखराने मात्र घाम काढला. थर्माकोलला झोंबरे गोंद चालत नाहीत, ते त्यालाच खाऊन टाकतात. म्हणून पांढरं फेविकॉल. ते ओलं असेपर्यंत पाण्याने जातं. सतरंजीवर रात्रभर राहिलं की काचेसारखी खपली धरतं. त्यावर कोमट व्हिनेगरची घडी ठेवायची, घाई करायची नाही, मग चमच्याच्या पाठीने कडेकडेने उचलायचं.

लग्नानंतर उशांच्या अभ्र्यांवर टिकल्यांचे काळपट ठिपके दिसू लागले, तेव्हा हात आपसूक खोबरेलाच्या बाटलीकडे गेला. टिकलीचा गोंदही तेलाने हार मानतो. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखर पुठ्ठ्याचं झालं. गोंदाची गरम बंदूक घरात आली. तिचे थेंब भदोहीच्या लोकरी गालिच्यावर पडले, की तेल नाही नि पाणीही नाही. पिशवीत बर्फ घालून थेंबावर धरायचा. तो कडक झाला की टचकन निघतो. चोळायचं अजिबात नाही, चोळलं की गोंद लोकरीच्या मुळापर्यंत उतरतो.

सगळ्यांत खाष्ट तो क्षणात चिकटणारा गोंद. अमेरिकेत 1942 मध्ये हॅरी कूव्हर यांच्या हाती तो प्रथम लागला, आणि बाजारात यायला 1958 उजाडलं. सुती कापडावर तो जास्त सांडला तर इतका तापतो की खालच्या कातडीला चटका बसतो. सुकल्यावर त्याला अ‍ॅसिटोन लागतं, म्हणजे नखांचा रंग काढायचा द्रव. पण बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलेलं हवं, त्याच्याशिवायचाही मिळतो. आधी शिवणीच्या आत एक थेंब लावून बघावा. अ‍ॅसिटेटचं झुळझुळीत अस्तर असेल तर डागाबरोबर कापडच विरघळेल. गालिच्यावर तर मी ते कधीच ओतत नाही. फडक्याला लावते, बाहेरून आत टिपत येते, आणि चार धागे हट्टाला पेटलेच तर नखं काढायच्या कात्रीने त्यांची टोकं छाटते. खालची गाठ शाबूत असते.