हिरॉइनीला जरा खाली बसवा

जुहरची नमाज झाली की बडी अम्मा आमच्याकडे यायच्या. मागोमाग गल्लीच्या टोकाची खाला आणि भांडी आवरून शेजारच्या काकू. अम्मी टीव्ही लावायची. सिरियल नाही, बातम्या नाहीत, शॉपिंगचं चॅनल. असरच्या अजानपर्यंत चौघीजणी साड्या आणि ड्रेस बघत बसायच्या. आवाज अगदी बारीक. भाव सांगायची वेळ आली की खाला रिमोट उचलून तेवढा आवाज वाढवायची आणि पुन्हा कमी करायची. मधलं बोलणं या चौघी स्वतःच करायच्या.

ही 2015 सालची गोष्ट. त्याआधीच्या थंडीत अब्बा गेले होते. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी अम्मीकडेच असायचे, कोपऱ्यात वह्या तपासत. मराठी आणि उर्दू दोन्ही विषय माझ्याकडे, म्हणजे वह्यांचे दोन ढीग. या चौघींचं बोलणं कानावर पडायचं आणि खरं सांगायचं तर मला हसू यायचं. सोलापुरातल्या एका पेठेत बसून, आयुष्यात एकदाही ब्यूटी पार्लरची पायरी न चढलेल्या या बायका मुंबईच्या नट्यांच्या कपड्यांवर निकाल देत होत्या.

दिवसही तसेच होते. होमशॉप18 हे चोवीस तासांचं चॅनल 2008 मध्ये सुरू झालं, त्यानंतर घरबसल्या खरेदीच्या चॅनलांची रांगच लागली. आधी मिक्सर, कढया, पोट कमी करायचे पट्टे. मग साड्या आल्या आणि साड्यांबरोबर नट्या आल्या. शिल्पा शेट्टीने स्वतःच्या नावाच्या साड्या टीव्हीवर आणल्या. 2015 मध्ये तर अक्षय कुमार आणि शिल्पाचे पती राज कुंद्रा यांनी बेस्ट डील नावाचं आख्खं चॅनलच काढलं, सगळा माल सिनेमातल्या चेहऱ्यांच्या नावावर विकायचा म्हणून. मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करतो, पैसे पार्सल हातात आल्यावर. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मोबाइलवर बोट फिरवायला ज्या घाबरतात, ज्यांच्याकडे बँकेचं कार्ड नाही, त्या बायकांना ही सोय फार बरी होती. दुकानात जायला कुणाची सोबत शोधायला नको. सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, हेही नको.

पण घेणं ही पुढची गोष्ट. आधी पारख.

अम्मीचं माहेर मोमिनांचं. तिच्या वडिलांचा हातमाग होता आणि लहानपणी शाळेतून आलं की तिला कांड्या भरायला बसावं लागे. काकू पद्मशाली, त्यांच्या घरी टॉवेलचे माग. या दोघींपुढे कापडाबद्दल खोटं बोलणं अवघड. एकदा बाई सांगत होती, ‘आर्ट सिल्क’. खालाला वाटलं, आर्ट म्हणजे कला, काहीतरी कलाकुसरीचं रेशीम असेल. काकू म्हणाल्या, “अहो, आर्ट म्हणजे आर्टिफिशियल. नकली रेशीम. आमच्या मालकांनी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेलं मला.” बी.एड. झालेल्या मलाही हे माहीत नव्हतं. मी मान खाली घालून वह्या तपासत राहिले.

त्यांची पारख चित्रावरून चालायची, हात लावायची सोयच नव्हती. अम्मी पदराच्या पडण्याकडे बघायची. कापड खांद्यावरून कसं घरंगळतं, चिमटीत धरलं की घडी राहते की लगेच सुटते. बाईने साडी मुठीत चुरगाळून दाखवली की अम्मी म्हणायची, “चुन्नट नै पडी, देखो. सूत नै है उसमें.” बाई मात्र तेच गुण म्हणून सांगत असायची, इस्त्रीची गरज नाही म्हणून. आणि ती काही चूक सांगत नव्हती. खालाला तेच हवं होतं. गुडघे गेलेले, बादलीभर पाण्यात सुती साडी पिळायची ताकद नाही, वर खळ आणि इस्त्री. “तुम्हारा सूत तुमकूच मुबारक,” असं ती अम्मीला म्हणायची. हा वाद बरेच दिवस चालला आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या असं मला अजूनही वाटतं.

बडी अम्मांचा मुद्दा वेगळा. त्या लांबी बघायच्या. साडी साडेपाच मीटरची, वर ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस. नटी उंच आणि सडपातळ, तिला साडेपाच मीटर पुरून उरतं. पण अंग भरलेलं असेल आणि पदर डोक्यावरून घ्यायचा असेल, तर डोक्यावरचा तो पदर निऱ्यांतला कपडा खातो. निऱ्या चारवर येतात. आणि ऐंशी सेंटिमीटरमध्ये मनगटापर्यंतच्या बाह्या कुठून निघणार? मग मॅचिंग सेंटर शोधत फिरा. टीव्हीवरच्या त्या रंगाचं मॅचिंग सापडतही नाही. बडी अम्मा म्हणायच्या, हे कपडे ज्या बायका टीव्ही बघतात त्यांच्या मापाचे नाहीत, ज्या टीव्हीत दिसतात त्यांच्या मापाचे आहेत.

कुर्त्यांवर तर चौघींचं एकमत. पाठीमागे चेन म्हणजे ज्याचा खांदा धरलेला नाही अशा माणसाने काढलेला कपडा. बटणं पुढे हवीत. बाजूचे चाक कमरेपासून कापलेले नकोत. ओढणी जाळीची असेल तर ती ओढणी नव्हे, मच्छरदाणी. डोक्यावर घेतली काय अन् न घेतली काय. त्या कपड्यात नमाज होते का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. हा प्रश्न धर्माचा होता तितकाच शिंप्याचाही होता. रुकूत वाकलं की पाठ उघडी पडते का, सजद्यात गेलं की ओढणी सरकून तोंडावर येते का, बाही वर चढते का. दिवसातून पाच वेळा वाकून, बसून, उठून तपासलेल्या कपड्याबद्दल त्या बोलत होत्या.

सिनेमावर मात्र त्यांचा राग नव्हता, हे लिहायला हवं. उलट या बायकांचं तरुणपण सिनेमाच्या कपड्यांतच गेलेलं. 1965 च्या ‘वक्त’मध्ये साधनाने घातलेला तो अंगासरशी कुर्ता आणि चुडीदार बडी अम्मांनी माहेरी चोरून शिवून घेतला होता. 1968 च्या ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची नारिंगी साडी अम्मीला अजून आठवते. हे दोन्ही कपडे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केलेले. पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय त्याच. हे मी सांगितलं तेव्हा चौघींना फार आनंद झाला. काकू म्हणाल्या, “तरीच. आपल्याकडची बाई, तिला बसायचं उठायचं ठाऊक असणार.” मुमताजची ती साडी मुळात शिवलेली होती आणि तिला चेन होती, हे मी नंतर सांगितलं. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरीच्या त्या जांभळ्या साडीने गल्लीतल्या निम्म्या लग्नांत हजेरी लावली. खालाचीही होती.

फरक खालानेच सांगितला. तेव्हा नटीने घातलं, आपण शिंप्याकडे गेलो, आपल्या मापाचं, आपल्या ऐपतीचं करून घेतलं. गळा नको तर वर घेतला, बाही हवी तर वाढवली. नटीला त्यातला पैसाही मिळत नव्हता आणि तिला आपण ठाऊकही नव्हतो. आता नटी स्वतः विकायला आली आहे, नाव तिचं, माप तिचं, आणि बदल काही करता येत नाही.

तर या सगळ्या पारखी बोलण्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, अम्मीच्या घरी एक पार्सल आलं. एका चॅनलचं, नाव घेत नाही. दीड हजाराला एक रुपया कमी. अब्बा महानगरपालिकेत होते, त्यांच्या फॅमिली पेन्शनमधून अम्मीने पैसे दिले. मला कळलं ते चार दिवसांनी. कसली तरी कागदं शोधताना मी तिची पेटी उघडली. त्या पेटीत तळाशी तिचा कफन असतो, उमऱ्याहून आणलेला, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेला. त्याच्यावर ती साडी होती. डाळिंबी, सोनेरी काठ, प्लास्टिकच्या पिशवीवर नटीचा हसरा फोटो.

मी म्हणाले, “अम्मी, आता हा रंग?”

एवढंच म्हणाले. तीन जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर भाषण देणारी मी. अम्मीने काही उत्तर दिलं नाही, पेटी बंद केली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बडी अम्मांनी मला वह्यांवरून उठवलं. चार महिने दहा दिवस इद्दत असते, ती तिने पाळली, एकही दिवस कमी केला नाही. “किताब में इतनाच लिख्या है. इद्दत खतम, तो रंग बी खुले. बाकी का सब तुम लोगां लाए.” मग काकूंकडे बघून जरा खालच्या आवाजात, “हमारे में बी, तुम्हारे में बी.” काकूंनी मान हलवली. त्यांना वैधव्य येऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या कायम फिकट निळं नाहीतर राखाडी नेसायच्या. हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं.

मी माफी मागितली. अम्मी म्हणाली, “जान दे. देख तो सही, कैसी है.”

साडी काही चांगली नव्हती. अम्मीने काठातला एक धागा उसवून काडी लावली. सूत असेल तर कागदासारखं जळतं, राख होते. हा वितळला आणि टोकाला काळी टणक गोळी झाली. “मालूम था,” असं ती म्हणाली. मग घेतली कशाला? “रंग के वास्ते.” दुकानात जाऊन डाळिंबी दाखवा म्हणायला तिला लाज वाटली होती. पेठेतला दुकानदार अब्बांच्या ओळखीचा. फोनवरच्या मुलीला मात्र कोण मेलं, कोण राहिलं, काहीच माहीत नव्हतं. तिने फक्त विचारलं, मॅडम, कौनसा कलर? अम्मीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं होतं.

नेसून झाल्यावर चौघींच्या परीक्षा सुरू झाल्या. जमिनीवर बसून उठताना निऱ्या घसरल्या. सजद्यात पदर सरकला. मग अम्मीने त्या नंबरवर फोन लावला. परत करायला नव्हे. सात दिवस उलटूनही गेले होते. शाळेत मी पालकांशी बोलते तशा शांत आवाजात ती बोलत होती, तिच्या त्या दखनी वळणाच्या हिंदीत. तुमची हिरॉइन उभीच असते. चालते, वळते, हसते. तिला एकदा जमिनीवर बसवा. ताट समोर ठेवा, मग उठवा. तेव्हा आम्हाला कळेल साडी कशी आहे ते. पलीकडून उत्तर आलं, आपके फीडबॅक के लिए धन्यवाद, मॅडम. अम्मीने फोन ठेवला आणि म्हणाली, “लिख ली होगी.”

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली. रोख मोजून पार्सल घेणाऱ्या बायकांवरच हा धंदा उभा होता, त्याला चांगलाच फटका बसला. बेस्ट डीलही त्यानंतर फार काळ चाललं नाही. दुपारच्या बैठकीत मग दुसरं काही लागायचं. बडी अम्मा आता नाहीत.

ती साडी अम्मीने माझ्या भाचीच्या निकाहला नेसली. आतून सुती परकर, खांद्यावर दोन पिना, डोक्यावर एक, आणि बसायला खुर्ची. फोटोत शेजारी काकू आहेत, मोरपंखी साडीत. ती कुठून मागवली हे त्यांनी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.