हिशेब कधी करायचा?

मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी गणित शिकवतो. मुलं पौड, कोळवण, माले अशा गावांहून येतात. बहुतेकांच्या घरी भातशेती. संगणकावरच्या प्रात्यक्षिकांना आम्ही ‘मॅक्सिमा’ वापरतो. नुसते आकडेच नव्हेत, तर अक्षरांची समीकरणंही सोडवणारी ही प्रणाली. तिचं मूळ एमआयटीत 1968 साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. विल्यम शेल्टर यांनी 1982 पासून 2001 मध्ये निधन होईपर्यंत ती सांभाळली. आज ती कुणालाही मोफत मिळते, म्हणूनच आमच्यासारख्या महाविद्यालयाला परवडते.

यंदाच्या एका प्रात्यक्षिकात एका विद्यार्थिनीने फंक्शन लिहिलं: एफ(एक्स), मग := हे चिन्ह, आणि उजवीकडे एक्सच्या वर्गाचं विकलन. एफ(टी) विचारलं, तर 2टी आलं. एफ(3) विचारलं, तर यंत्र अडलं. विकलन ज्याच्या सापेक्ष करायचं तो चल हवा, इथे 3 आहे, अशी त्याची तक्रार. ती म्हणाली, “सर, अक्षर दिलं तर चालतंय, आकडा दिला तर नाही. असं कसं?”

मी तिला फळ्यावर क्रम मांडून दाखवला. := लिहिलं की मॅक्सिमा उजवी बाजू न सोडवता जशीच्या तशी ठेवते. एफ(3) मागितल्यावर ती आधी प्रत्येक एक्सच्या जागी 3 बसवते आणि मग विकलनाला हात घालते. म्हणजे 9 चं विकलन, तेही 3 च्या सापेक्ष! त्याला अर्थच नाही. याउलट ‘डिफाइन’ ही आज्ञा वापरली, तर विकलन व्याख्या करतानाच उरकतं आणि साठवलं जातं ते 2एक्स. मग 3 दिला की 6 मिळतात.

“मग नेहमी डिफाइनच का नको वापरायचं?” मागच्या बाकावरून एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी इंद्रायणी तांदळाचा व्यवहार घेतला. समजा, दर किलोला 60 रुपये. दर गुणिले वजन, एवढंच रकमेचं फंक्शन; ते एकदा := ने लिहिलं, एकदा डिफाइनने. मग दर 65 केला आणि दोघांनाही 10 किलोची रक्कम विचारली. पहिल्याने 650 सांगितले, दुसऱ्याने 600. ती विद्यार्थिनी लगेच म्हणाली, “दुसऱ्याचा भाव आधीच ठरलाय. पहिल्याचा माल देताना ठरणार.” मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. गावात दोन्ही तऱ्हेचे सौदे होतात, आणि दोन्ही बरोबर असतात. फक्त कुठला केलाय, हे माहीत हवं.

मग मुलांनी स्वतःच फासा करून पाहिला. := ने लिहिलेला फासा दर वेळी नव्याने पडतो. डिफाइनने लिहिलेला व्याख्येच्या क्षणी एकदाच पडतो आणि पुढे तोच आकडा देत राहतो. संकलनाचं उलटं; तिथे दर वेळी नवा हिशेब नकोच असतो. अवघड संकलन := मागे ठेवलं, तर कोष्टकातल्या प्रत्येक किमतीसाठी ते पुन्हा करावं लागतं. आधीच उरकून सूत्र साठवलं, तर पुढे फक्त किंमत भरायची.

1988 साली आलेल्या मॅथेमॅटिकात हाच भेद = आणि := या दोन चिन्हांत आहे. तिथे दोन्ही एकत्रही वापरतात. फिबोनाचीची संख्या, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज, := ने मागणीपर्यंत थांबवायची आणि एकदा काढली की = ने पक्की करून ठेवायची. त्यामुळे तीच बेरीज पुन्हा पुन्हा होत नाही.

हा विषय अनेकदा टिपेसारखा शेवटी सांगितला जातो. माझं ठाम मत आहे की तो पहिल्याच प्रात्यक्षिकात यावा. कागदावर व्याख्या लिहिताना वेळेचा प्रश्न येत नाही. यंत्रावर तो प्रत्येक ओळीला येतो. नुसतं “:= लिहा” असं पाठ करून घेतलं, तर मुलं यंत्राला दोष देतात किंवा स्वतःला, आणि कारण दोन्हीकडे नसतं.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना विनंती: फंक्शन लिहिण्याआधी ठरवा, हिशेब आत्ता हवा की मागाल तेव्हा. आणि व्याख्या दिल्यावर पडद्यावर उमटलेली ओळ वाचा. तिथे 2एक्स दिसतंय की न सोडवलेलं विकलन, एवढं पाहिलंत तरी पुढचा बराच घोळ टळेल.