रात्री दोनचं नेट

सोलापुरात रात्री दोन वाजता एखाद्या घरात दिवा दिसला, तर एक तर नळाला पाणी आलेलं असतं, नाहीतर कुणीतरी काहीतरी डाउनलोडला लावलेलं असतं. आमच्या हद्दवाढ भागात ही दोन्ही कामं बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात असतात. १९९२ साली शेळगी, बाळे, कुमठे, मजरेवाडी अशी गावं महापालिकेत आली. घरपट्टी शहराची झाली, बाकीचं सावकाश येत राहिलं. उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटर चालत चार-पाच दिवसांआड येतं. नेट येतं रोज, पण रात्री आठ ते अकरा त्याची धार करंगळीएवढी.

गल्लीत येणारी जोडणी एक आणि तिच्यावर घरं पुष्कळ. दुपारी अडचण नसते. आठ वाजले, सामना सुरू झाला, की सगळे एकदम ओढायला लागतात. त्यातच कुणीतरी अख्खी सिरीज उतरवत बसलेला असतो. नळाला टुल्लू पंप लावणारा निदान आवाजावरून सापडतो. हा सापडत नाही. जिथे अजून टेलिफोनची जुनी तांब्याची तार आहे तिथे तर एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी. त्यावर गल्लीतल्या कुणाचाच इलाज नाही.

मग जे पाण्याचं तेच नेटचं: आलं की भरून ठेवायचं. मोबाइलचे अपडेट पहाटे. पोरांचे व्हिडिओ रात्रीच उतरवून पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअपचं आपोआप डाउनलोड बंद, कारण सुप्रभातच्या फुलांनी जेवढी लाइन खाल्ली तेवढी सामन्यानंही खाल्ली नसेल. राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच. जमलं तर वायफाय सोडून सरळ वायर. परीक्षेचा फॉर्म शेवटच्या तारखेला भरायचा नाही, हे आमच्याकडे आठवीतल्या पोरालाही कळतं. आणि मुख्य म्हणजे वाटण्या. ताईची मुलाखत असली की बाकीच्यांनी फोन खिशात घालायचे. ‘‘कोण यूट्यूब लावलंय बे?’’ ही हाक जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते आणि लगेच कुणीतरी काहीतरी बंद करतं.

गल्लीतली निम्मी पोरं पुण्यात, हिंजवडीकडे. तिथून ती व्हिडिओ कॉल लावतात; इकडे लेकाचा चेहरा अर्ध्या शिंकेत थबकतो. ‘‘तोंड राहू दे बाबा, नुसतं बोल,’’ असं आई म्हणते आणि चित्र बंद करते. लेक नीट जेवतोय की नाही, हे तिला आवाजावरून जास्त नेमकं कळतं, असा माझा तरी अनुभव आहे.

ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग किती, हे सरकारनं ठरवलेलं आहे. २००४च्या धोरणात तो २५६ केबीपीएस होता, पुढे ५१२ झाला, जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएस. वेग बिटांत मोजतात, पिक्चर बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. त्यामुळे या २ एमबीपीएसवर ७०० एमबीचा पिक्चर उतरायला पाऊण तास लागतो. २००४च्या मापानं सहा तास लागले असते. म्हणजे प्रगती आहे. पण याच काळात एकेक साधं वेबपानही फोटो, जाहिराती आणि हलत्या चित्रांनी फुगलं. ती पानं बनवणाऱ्यांना आठवडाभर आमच्या गल्लीत ठेवावं, असं मला फार वाटतं.

२०२० साल आठवतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारा माणूस. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटली. जिल्ह्याला भरून आलं. त्याच वर्षी, करोनामुळे शाळा बंद असताना, सोलापूरच्या नीलमनगरात, जिथे घरोघरी कापड कारखान्यांत राबणारी माणसं आहेत, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी धडे घरांच्या भिंतींवर रंगवून घेतले. मुळाक्षरं, गणिताची सूत्रं, व्याकरण. फोन नाही, असला तर नेट नाही, म्हणून भिंत. क्यूआर कोडच्या छापील चौकोनाला वजन नसतं, त्याच्यामागच्या व्हिडिओला असतं. हे दोन्हीकडच्या शिक्षकांना पक्कं ठाऊक असणार. त्या भिंतींचं वर्तमानपत्रांनी खूप कौतुक केलं. मीही केलं. पण या कौतुकाची मला थोडी भीतीही वाटते. सोलापूरकर चार दिवसांआडच्या पाण्यात धुणंभांडी उरकतो, हे एकदा सिद्ध झालं की रोज पाणी देण्याची घाई कुणाला राहते? नेटच्या बाबतीतही आपण फार लवकर हुशार झालो.

आता आमच्या गल्लीत फायबर येतंय. त्यासाठी रस्ता खोदला, त्यात पाण्याची पाइप फुटली. तक्रारीचा फोन कुणी करण्याआधी अर्धी गल्ली बादल्या घेऊन खड्ड्याशी हजर. पाइप दुरुस्त करायला आलेल्यांनी जाता जाता नवी केबल तोडली. आता नेटवाला पोरगा जॉइंट मारायला येणार आहे, आणि तो यायच्या आत आम्ही त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलंय, कारण त्याच्या फोनलाच सध्या चांगली रेंज आहे.